चतुर्दशीचं पान

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पितृपंधरवड्याच्या शेवटून दुसऱ्या चौकोनात बारीक टाइपात छापलेलं असतं : शस्त्रादिहत पितृश्राद्ध. बहुतेक घरांतून त्या चौकोनाकडे कुणी बघत नाही. अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं सर्वपित्रीला करतात. भाद्रपद वद्य चतुर्दशी मात्र वेगळ्यांची. हत्याराने गेलेल्यांची, घातपातात गेलेल्यांची, ज्यांना घरच्या अंथरुणावरचं मरण मिळालं नाही त्यांची. जुनी माणसं तिला घातचतुर्दशी म्हणतात. आमच्या घरात ती शंभर वर्षं पाळली जाते, माझ्या पणजोबांसाठी.

पणजोबा पलटणीत होते आणि बसऱ्याच्या लढाईत गेले. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या एवढंच चालत आलं. कुठली पलटण, बसरा कुठल्या मुलखात, गोळी लागली की तोफेचा गोळा, हे कुणी विचारलं नाही. पणजी होती तोवर तिच्यापुढे हा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि ती गेल्यावर सांगणारं माणूस उरलं नाही. आजोबांना वडील आठवतच नव्हते. पणजोबा घरातून बाहेर पडले तेव्हा ते पाळण्यात होते. घरात त्यांचा फोटो नाही. होती ती फक्त तिथी, आणि त्या दिवशी वाढलेलं पान.

मी शीळफाट्याला राहते. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महापेचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. अवजड गाड्यांची रांग दिवसरात्र हटत नाही. मेट्रोचे खांब उभे राहिले, वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच शीळला उजेडात येतो. शीळ, डायघर, देसई, पडले, खिडकाळी ही गावं आगरी माणसांची. आम्ही बाकीचे सगळे कुठून कुठून आलेले. कुणी साताऱ्याचं, कुणी खेडचं, आम्ही महाडकडचे. टॉवरच्या गच्चीवर पान ठेवलं तर कावळा यायला फार वेळ लागत नाही, खिडकाळीच्या महादेवाकडची झाडं अजून शाबूत आहेत.

या भागातून महायुद्धं येऊन गेली आहेत, हे इथे नव्याने राहायला आलेल्यांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची प्रचंड छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला विमानांची धावपट्टी केली, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून २०१७ साली त्यांची नातवंडं रस्त्यावर उतरली. पहिल्या महायुद्धाची खूण मात्र इथे दिसत नाही, कारण ते इथून नुसतं गाडीत बसून गेलं. पुण्याकडच्या पलटणी मुंबई बंदराला जायच्या त्या कल्याण, दिवा, मुंब्रा याच लोहमार्गाने. आता गाड्या धावतात तो पारसिकचा बोगदा १९१६ साली सुरू झाला. पणजोबांची गाडी त्याआधी, मुंब्र्याचा डोंगर वळसा घालून, जुन्या रुळांवरून गेली असणार. माझ्या खिडकीतून दिसतो तोच डोंगर.

पणजोबांच्या शोधाला सुरुवात झाली ती गावच्या देव्हाऱ्यातून. काका महाड शहरात राहायचे आणि घरचे जुने कागद त्यांच्याकडे ट्रंकेत होते. २०२१ च्या जुलैतल्या महापुरात ती ट्रंक सावित्रीच्या पाण्यात दोन दिवस राहिली. पेन्शनचं पुस्तक, पोस्टाच्या पावत्या, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हा आत्या म्हणाली, “कागद गेले तर गेले, देवी आहे ना.”

देवी म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातली एक जाडजूड गोल चकती, तळहातापेक्षा मोठी. चांदीच्या टाकांशेजारी ती भिंतीला टेकून उभी असते. हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. सिंहवाहिनीच ती, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. रोजच्या कुंकवाचे आणि तुपाचे थर तिच्यावर इतके चढलेले की चेहरा दिसत नव्हता. मी ती चिंचेच्या कोळाने घासायला घेतली तशी आत्या कळवळली. “देवीला असं घासतात का गो?” मग तिनेच राखेचा गोळा पुढे केला. लाल थर सुटत गेला तसा खालून तपकिरी धातू वर आला. सिंह स्पष्ट झाला. बाईच्या डोक्यावर शिरस्त्राण निघालं, बाजूला दोन मासे निघाले. पुढे केलेल्या हातातला पानांचा गजरा एका चौकटीवर धरलेला होता. कडेने इंग्रजी अक्षरं फिरत होती, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक नाव होतं. पणजोबांचं. आमच्या कुणाच्या कागदावर नाही अशा विचित्र इंग्रजी स्पेलिंगमध्ये.

ती ब्रिटानिया होती. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने पाठवलेली ब्राँझची स्मरणमुद्रा. अशा तेरा लाखांहून जास्त मुद्रा ओतल्या गेल्या. तिच्यावर हुद्दा लिहीत नाहीत, फक्त नाव. कर्नल असो की शिपाई, चौकट तेवढीच.

त्या विचित्र स्पेलिंगनेच काम केलं. युद्धात मेलेल्यांच्या स्मारकांची देखभाल करणारा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग आहे, त्याच्या सूचीत मी आमच्या पद्धतीने नाव घालून शोधलं असतं तर जन्मात सापडलं नसतं. भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं उतरवलं, आणि पुढे सरकारी लेखी तोच माणूस. मुद्रेवरची अक्षरं जशीच्या तशी घातली आणि ओळ समोर आली. शिपाई. नंबर. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. अमक्याचा मुलगा. गाव, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. मृत्यूची तारीख १९१६ च्या पावसाळ्यातली. स्मारक, बसरा.

पलटण आणि तारीख शेजारी शेजारी ठेवली आणि ‘बसऱ्याच्या लढाईत गेले’ हे वाक्य ढासळलं. १९१६ च्या पावसाळ्यात ११० वी मराठा कुठल्याच लढाईत नव्हती. ती कैदेत होती.

हा इतिहास आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, म्हणून जरा थांबून सांगते. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून जहाजं निघाली, ती इराणच्या आखाताकडे. आबादानला इंग्रजांचं तेल होतं, ते राखायचं आणि तुर्कांना रोखायचं, एवढं काम. नोव्हेंबरात बसरा हाती आलं. तिथे थांबले असते तर कदाचित माझे पणजोबा परत आले असते. पण बगदादची हाव सुटली. सहाव्या पुणे डिव्हिजनला जनरल टाउनशेंड टायग्रिसच्या काठाने वर वर घेऊन गेला. पुरेशा बोटी नाहीत, दवाखाने नाहीत, औषधं नाहीत. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली आणि फौज मागे फिरली. जखमी माणसं बोटींवर कोंबून खाली आणली, ती बसऱ्याला पोचली तेव्हा आपल्याच घाणीत लडबडलेली होती. उरलेली फौज कूत नावाच्या गावात शिरली. नदीने तीन बाजूंनी वेढलेलं ते गाव. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा आवळला. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, अशा तीन मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतल्या घराघरातली माणसं.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली आणि तरीही वेढा उठला नाही. आत दाणा संपत आला तेव्हा घोडे मारायला लागले. आपल्या शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली, ती आली, तरी पुष्कळांच्या घशाखाली उतरेना. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. विमानातून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. अखेर २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती लिहून दिली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना चालायला लावलं. बगदाद, समारा, मोसुल आणि तिथून वाळवंट तुडवत रास अल ऐन. तिथे बगदाद रेल्वेचं काम चाललं होतं, त्यावर हे उपाशी कैदी जुंपले. हजारो परत आले नाहीत.

त्या वाटेचं वर्णन एका हिंदी माणसाने लिहून ठेवलं आहे. शिशिर प्रसाद सर्वाधिकारी हा बंगाली तरुण, बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधला, कूतला पकडला गेला. डायरीची फाडलेली पानं त्याने बुटात लपवून नेली आणि पुढे त्यांवरून पुस्तक लिहिलं, ‘अभि ले बगदाद’. बंगाली माणसाला स्वतःची ती आठवण आहे. तीन पलटणी आत असताना आपल्याकडच्या एखाद्या शिपायाने असं काही लिहिलं असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही. आमचे पणजोबा निरक्षर होते. त्यांचं सांगणं कुणाच्या तरी तोंडून घरी आलं असेल, तेवढंच.

आणि ते आलं होतं. आत्याच्या बोलण्यातून ते तुकड्या तुकड्याने निघालं. एकदा तिला मुद्रेवरचं नाव वाचून दाखवल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

पणजोबा बेपत्ता असल्याचा कागद आला तेव्हा पणजी एकोणीस-वीस वर्षांची. त्यानंतर वारसाला पेन्शन मिळेल असा निरोप आला. महाडला जाऊन अंगठा द्यायचा होता. ती गेली नाही. सासऱ्यांनी समजावलं, भाऊ येऊन रागावला, घरात खायचे वांधे होते, तरी गेली नाही. अंगठा दिला की तो मेला, असं तिचं म्हणणं. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा एक माणूस कैदेतून परत आला. एका संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येऊन बसला. आत बायका दाराआड उभ्या होत्या. तो काय बोलला ते आत्याला सांगता येत नाही. तिचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांचा. पण दुसऱ्या दिवशी पणजी भावाबरोबर महाडला गेली आणि अंगठा देऊन आली. आल्यावर तिने कपाळ पुसलं. नंतर कधी तरी पोस्टाने ती चकती आली.

आम्ही सगळे समजत आलो की भोळ्या बाईला विलायतेची ब्रिटानिया देवी वाटली. आता मला तसं वाटत नाही. पोस्टातून सरकारी पाकीट आलं की ते वाचायला शाळामास्तरांना बोलवायची रीत होती. चौकटीतलं नाव तिला कुणी तरी वाचून दाखवलंच असणार. म्हणजे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या कपाळी कुंकू लावायची सोय राहिली नव्हती. देव्हाऱ्यातल्या नावाला लावायला तिला कोण अडवणार होतं? साठ वर्षं रोज सकाळी आंघोळ करून ती त्या नावावर कुंकवाचं बोट टेकत होती, आणि घरातले देवीची पूजा चालली आहे असं मानत होते. मी घासून काढला तो थर तिचा होता. आत्याने घासू देण्याआधी क्षणभर माझा हात धरला होता, तो मला आता वेगळा आठवतो.

मग तिथीचा प्रश्न. मरण कैदेतलं, आजाराचं किंवा उपासमारीचं. अंगाला हत्यार लागलं नव्हतं. सरकारी नोंदीत तारीख आहे, जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. माझ्या भावाचं म्हणणं पडलं की आता खरी तिथी कळली, तर चतुर्दशी सोडून त्या तिथीला करावं. गावच्या भटजींनीही तसंच सांगितलं; शास्त्राला धरून तेच बरोबर. आत्या ऐकून घेत होती. ती म्हणाली, “आजीला सगळं कळलं होतं ना रे? तरी तिने चवदसच धरली.”

कैदेतून आलेल्या माणसाने ओटीवर बसून जे सांगितलं ते ऐकूनच तिने दिवस ठरवला होता. नवऱ्याला गोळी लागली नाही हे तिला आमच्याआधी शंभर वर्षं ठाऊक होतं, आणि तरी तिने त्याला घातात गेलेल्यांत बसवलं. १९१७ साली याच मोहिमेच्या चौकशीचा, मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल लंडनला बाहेर पडला. रसद, बोटी, औषधपाणी यांची हेळसांड झाली, माणसं त्यापायी मेली, असं त्यात नोंदवलं गेलं. त्यावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. महाड तालुक्यातल्या एका न शिकलेल्या बाईने तोच निकाल पंचांगातल्या एका तिथीवर बोट ठेवून दिला होता. मी तिच्या बाजूची आहे. आमच्याकडे चतुर्दशीच राहिली.

बसऱ्याचं स्मारक मी पाहिलेलं नाही. पाहायला गेले तरी तिथे पणजोबांचं नाव दिसणार नाही. ४०,५०० हून जास्त माणसांचं ते स्मारक, बहुसंख्य हिंदी. १९२९ साली त्याचं अनावरण झालं तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली गेली; हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा टाकला. नावं यादीत होती, तरी भिंतीवर आकडा. अमाराला टायग्रिसच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जण आहेत, आणि ओळख फक्त नऊ जणांची पटली, कारण नोंदीच ठेवल्या नाहीत. २०२१ साली युद्धसमाधी आयोगाने चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला, हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना समान स्मरण दिलं गेलं नाही हे मान्य केलं आणि माफी मागितली. बसऱ्याचं स्मारकही मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दामच्या हुकुमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. पणजोबांचा आकडासुद्धा एकदा विस्थापित झाला.

गावी गेले की मी आता एसटीतून माणगावला डाव्या-उजव्या बाजूला बघते. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय बावीस. त्यांचाही देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. त्यांना हात जोडताना मला त्याच रस्त्याने गेलेले, कसलाच पराक्रम नावावर नसलेले, भुकेने मेलेले बाकीचे आठवतात. त्यांचा पुतळा होणार नाही, आणि व्हावा असंही नाही. पण नाव तरी असावं.

पंजाबने हे काम केलं. पहिल्या महायुद्धातल्या तीन लाख वीस हजार पंजाबी सैनिकांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. २०२१ पासून ती लोकांपुढे यायला लागली आणि विलायतेतल्या पणतवंडांना आपले पणजोबा सापडले. आपल्याकडे आहे ते विखुरलेलं आहे. गावोगावच्या भिंतींत बसवलेल्या संगमरवरी पाट्या, ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढ्या मजकुराच्या. आमच्या गावची पाटी शाळेच्या भिंतीत आहे आणि तिच्यावरून दर दोन वर्षांनी डिस्टेंपरचा हात फिरतो. तीवर नाव एकही नाही. म्हणून मी आणि भावाने त्या पाटीतल्या मेलेल्यांची नावं आयोगाच्या सूचीतून गावाच्या नावावरून शोधायला घेतली. काही लागली, काही अजून लागायची आहेत. जी लागली ती देवनागरीत, खऱ्या उच्चारात लिहून, शाळेच्या परवानगीने पाटीखाली लावली. एकदा लोकांनी नावं वाचली, आणि ज्यांची आडनावं अजून गावात आहेत त्यांच्या घरी चर्चा सुरू झाली.

तुमचं मूळ गाव रायगड, रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असेल तर या पितृपक्षात दोन गोष्टी करा. गावात अशी पाटी आहे का ते बघा, रस्ता रुंद होण्याआधी आणि शाळेची भिंत नव्याने बांधण्याआधी तिचा फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा की चतुर्दशीला आपल्याकडे कुणाचं पान वाढतात. तिने नाव सांगितलं की लगेच लिहून घ्या, बापाच्या नावासकट, गावासकट, तिच्या तोंडून निघालं तसं.